लोकसेवा परीक्षेचा अभ्यासक्रम : एक वाचन

'अभ्यासक्रम' हा शब्द आपण इतक्या सहजतेने वापरतो की त्यातील दोन पदांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मराठीत 'अभ्यास' म्हणजे अध्ययन. हिंदीत 'अभ्यास' म्हणजे सराव. भोपाळच्या मराठी घरातील मुलाला आई "अभ्यासाला बस" म्हणते तेव्हा तो पुस्तक उघडतो. शाळेतील हिंदी पुस्तकात धड्याच्या शेवटी 'अभ्यास' असे छापलेले असते तेव्हा तो वही उघडून प्रश्न सोडवितो. हिंदीभाषक सहाध्यायी ज्याला 'पाठ्यक्रम' म्हणतो त्याला आपण अभ्यासक्रम म्हणतो. लोकसेवा परीक्षेसाठी मात्र या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र घ्यावे लागतात, कारण नुसत्या वाचनाने ती परीक्षा साधत नाही आणि नुसत्या सरावानेही साधत नाही. राहिले दुसरे पद, 'क्रम'. संघ लोकसेवा आयोगाच्या अभ्यासक्रमात जर काही नसेल तर तो क्रमच होय. तेथे विषयांची नोंद आहे; आधी काय वाचावे, किती वाचावे, कोठे थांबावे यांविषयी तेथे एक अक्षर नाही. तो क्रम विद्यार्थ्याने स्वतः लावावयाचा असतो. माझ्या मते या परीक्षेची पहिली कसोटी हीच आहे, आणि ती परीक्षाकेंद्राबाहेर, प्रवेशपत्र येण्याच्या पुष्कळ आधी होऊन जाते.

शाळेने या स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेसाठी लेख मागितला तेव्हा विषय सुचविताना विद्यार्थी आणि पालक या दोघांनाही उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. मी प्रशासकीय अधिकारी नाही आणि शिकवणी वर्गही चालवीत नाही. आयुष्यभर मराठी शिकविले, म्हणजे संहिता वाचावयास शिकविले. अभ्यासक्रम हीसुद्धा एक संहिताच आहे आणि ती संहितेसारखी वाचली पाहिजे, एवढ्याच अधिकाराने मी हे लिहीत आहे. ती नीट न वाचल्याची किंमत लहान नाही. सर्वसाधारण प्रवर्गातील उमेदवाराला सहा संधी मिळतात आणि वयाची मर्यादा बत्तीस वर्षांची आहे. पदवीनंतरची, म्हणजे उमेदीची, पाच-सहा वर्षे या परीक्षेला दिलेली मुले आपल्याच वस्तीत आहेत. त्यांतील काहींच्या बाबतीत अपयशाचे कारण बुद्धीत वा कष्टांत नव्हते. विषय आणि माध्यम निवडण्याच्या पहिल्याच पानावर ते होते.

प्रथम थोडा इतिहास पाहू. अभ्यासक्रम हे नुसते विषयांचे टिपण नसते, राज्यकर्त्याला कोणत्या ज्ञानाचे मोल किती वाटते याचा तो हिशेब असतो, ही गोष्ट इतिहासाशिवाय ध्यानात यावयाची नाही. १८५४ साली मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने भारतातील मुलकी सेवेसाठी खुली स्पर्धा परीक्षा सुचविली आणि १८५५ मध्ये लंडन येथे ती सुरू झाली. समितीने एकूण ६८७५ गुणांची वाटणी केली होती. ग्रीक भाषेला ७५० आणि लॅटिनला ७५० गुण. संस्कृतला ३७५ आणि अरबीला ३७५. ज्या देशावर राज्य करावयाचे त्या देशाच्या अभिजात भाषेला, जो देश कोणी पाहणारही नव्हता त्याच्या अभिजात भाषेच्या बरोबर निम्मे! पुढे संस्कृत-अरबीचे गुण वाढविण्यात आले. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर ही परीक्षा उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय ठरले, आणि त्यानंतर थोड्याच काळात या दोन्ही भाषांचे गुण पुन्हा खाली आणले गेले. यामागचे तर्कशास्त्र वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही. सत्येंद्रनाथांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि त्यांनी तुकारामांच्या अभंगांचे बंगालीत भाषांतर केले, हा आपल्या दृष्टीने त्या निकालाचा गोड शेवट.

मराठी माणसाला या परीक्षेतील अभिमानाचे नाव म्हणजे चिंतामणराव देशमुख. १९१८ साली ते आय.सी.एस. परीक्षेत पहिले आले आणि त्यांची सेवा सुरू झाली ती मध्यप्रांत-वऱ्हाडात, म्हणजे ज्याचा बराच भाग आज मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांत मोडतो त्या प्रदेशात. संस्कृताचा हा व्यासंगी पुढे रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर आणि देशाचा अर्थमंत्री झाला. १९२२ पासून ही परीक्षा भारतातही घेतली जाऊ लागली आणि १९२६ मध्ये लोकसेवा आयोग अस्तित्वात आला.

स्वातंत्र्योत्तर काळातील खरा बदल १९७९ चा. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या समितीने १९७६ मध्ये दिलेल्या अहवालानुसार पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत अशी तीन पायऱ्यांची रचना आली आणि आठव्या अनुसूचीतील भाषांमधून उत्तरे लिहिण्याची मुभा मिळाली. मराठीत उत्तरे लिहून जिल्हाधिकारी होता येते, ही गोष्ट त्या वर्षापासूनची आहे. १९९३ मध्ये निबंधाची स्वतंत्र उत्तरपत्रिका आली. २०११ मध्ये पूर्वपरीक्षेत कलचाचणीचा पेपर आला; २०१४ मध्ये हिंदी आणि इतर भारतीय भाषांच्या माध्यमांतील उमेदवारांनी त्याविरुद्ध मोठे आंदोलन केले आणि २०१५ पासून तो केवळ पात्रतेपुरता ठेवण्यात आला. २०१३ मध्ये पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू प्रा. अरुण निगवेकर यांच्या समितीच्या शिफारशींच्या पार्श्वभूमीवर मुख्य परीक्षा बदलली. दोन वैकल्पिक विषयांऐवजी एकच राहिला, सामान्य अध्ययनाच्या दोन पेपरांचे चार झाले आणि नीतिशास्त्राने प्रथमच प्रवेश केला.

त्याच वर्षी मार्च महिन्यात निघालेली अधिसूचना भाषेच्या अभ्यासकांनी विसरू नये अशी आहे. एखाद्या भाषेचे साहित्य वैकल्पिक विषय म्हणून घ्यावयाचे तर पदवीला तेच साहित्य असले पाहिजे, आणि प्रादेशिक भाषेच्या माध्यमासाठी किमान पंचवीस उमेदवार असले पाहिजेत, अशा अटी तीत होत्या. संसदेत आणि बाहेर गदारोळ उठला, महाराष्ट्रातूनही तीव्र विरोध झाला आणि त्याच महिन्यात त्या अटी मागे घेण्यात आल्या. त्या टिकल्या असत्या तर अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या भोपाळच्या मराठी मुलाला मराठी साहित्याचे दार कायमचे बंद झाले असते. आज ते उघडे आहे. कोणत्याही शाखेचा पदवीधर मराठी साहित्य घेऊ शकतो.

आता प्रचलित रचना थोडक्यात. पूर्वपरीक्षेचे दोन पेपर, प्रत्येकी २०० गुणांचे. दुसऱ्यात ३३ टक्के मिळविले की पुरे. निवड होते ती पहिल्याच्या गुणांवर. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश वजावट. मुख्य परीक्षेचे नऊ पेपर. त्यांपैकी भारतीय भाषा आणि इंग्रजी हे प्रत्येकी ३०० गुणांचे दोन पेपर केवळ पात्रतेसाठी. निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०, वैकल्पिक विषयाचे दोन पेपर प्रत्येकी २५०. असे १७५० गुण. मुलाखतीचे २७५ धरून एकूण २०२५. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही २०२५ पासून आपल्या राज्यसेवा परीक्षेसाठी हीच वर्णनात्मक पद्धती स्वीकारली आहे. इंदूर येथे मुख्यालय असलेल्या मध्य प्रदेश आयोगाच्या परीक्षेत मात्र भाषा म्हणून स्थान आहे ते हिंदीला. तेथे मराठीचा उपयोग नाही, हे पालकांनी आधीच जाणून घ्यावे.

पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनाचा अभ्यासक्रम अवघ्या सात ओळींचा आहे. चालू घडामोडी, भारताचा इतिहास आणि राष्ट्रीय चळवळ, भूगोल, राज्यव्यवस्था, आर्थिक व सामाजिक विकास, पर्यावरण आणि सामान्य विज्ञान. सात ओळी पाहून विद्यार्थी निर्धास्त होतो किंवा हबकून जातो, दोन्ही चूक. लहान वाक्य हे लहान आशयाचे नसते, हे सूत्रवाङ्मयाची परंपरा असलेल्या आपल्या देशात वेगळे सांगावयास नको. सूत्राला भाष्य लागते. या सूत्रांचे भाष्य म्हणजे मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, आणि त्या आयोग स्वतःच प्रसिद्ध करतो. अभ्यासक्रमाची एक ओळ वहीच्या माथ्यावर लिहावी आणि तिच्याखाली गेल्या दहा-बारा वर्षांत त्या ओळीवर विचारलेले प्रश्न उतरवून काढावेत. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु बाजारात मिळणाऱ्या जाडजूड मार्गदर्शकांपेक्षा अधिक मोलाचे आहे. पर्यावरणाच्या ओळीत 'विषयातील विशेष प्रावीण्याची आवश्यकता नाही' असा खुलासा आयोगाने केलेला आहे. तो खुलासा न वाचता मुले परिसंस्थाशास्त्राचे पदव्युत्तर ग्रंथ वाचीत बसतात!

मुख्य परीक्षेच्या ओळी थोड्या लांब आहेत, पण त्यांची गंमत वेगळीच आहे. वास्तवातील एखादी घटना कधीच एका ओळीत मावत नाही. भोपाळच्या विद्यार्थ्याला याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या पेपरात 'आपत्ती आणि आपत्तिव्यवस्थापन' अशी एक ओळ आहे. विद्यार्थी ही दुर्घटना तेथे टिपून मोकळा होतो. परंतु त्याच पेपरातील पर्यावरणीय प्रदूषणाच्या ओळीतही ती येते, कारण १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा तिच्या पाठोपाठ आला. दुसऱ्या पेपरातील न्यायव्यवस्थेच्या ओळीत ती येते. १९८५ च्या कायद्याने पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला, १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली, आणि वाढीव भरपाईसाठी सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. दिल्लीतील १९८५ च्या वायुगळतीच्या खटल्यात डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांच्या 'निरपवाद दायित्वा'चे जे तत्त्व मांडले, त्यामागेही भोपाळची सावली होती. चौथ्या पेपरात 'उद्योगसंस्थांचे सुशासन' ही ओळ आहे. सुरक्षायंत्रणा बंद पडलेली असताना कारखाना चालू ठेवणे हा प्रश्न तेथे नीतीचा होतो. आणि जानेवारी २०२५ मध्ये कारखान्याच्या आवारातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला नेण्यात आला तेव्हा तीच घटना, चाळीस वर्षांनंतर, चालू घडामोडींच्या ओळीत परत आली. एका घटनेखाली पाच ओळी आल्या. जो विद्यार्थी अशा रीतीने आडवे वाचतो त्याला १५० किंवा २५० शब्दांच्या मर्यादेत लिहिताना काय घ्यावे, याची चिंता करावी लागते; काय लिहावे याची नव्हे. तीन तासांत वीस प्रश्न असतात. म्हणजे सरासरी नऊ मिनिटांना एक. त्या नऊ मिनिटांत विचार करण्याचे काम शिल्लक राहता कामा नये.

पहिल्या पेपरात भारतीय संस्कृतीची ओळ आहे: प्राचीन काळापासून आधुनिक काळापर्यंतच्या कला, साहित्य आणि स्थापत्य यांची ठळक वैशिष्ट्ये. भोपाळपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर भीमबेटका आहे. उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये तेथील शैलचित्रे जगासमोर आणली आणि २००३ मध्ये ते स्थळ जागतिक वारशाच्या यादीत गेले. सांची त्या यादीत १९८९ पासूनच आहे. शाळेच्या सहलीत ही दोन्ही ठिकाणे पाहिलेली मुले परीक्षेत अजिंठ्याचे पाठ केलेले वर्णन लिहितात, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. डोळ्यांनी पाहिलेले लिहावयास मनाई आहे, असे त्यांना कोणी सांगितले असावे? असो.

आता माझ्या विषयाकडे वळतो. वैकल्पिक विषय म्हणून मराठी साहित्य घ्यावे का, हा प्रश्न येथील विद्यार्थी आणि पालक मला वारंवार विचारतात. उत्तर देण्यापूर्वी मी त्यांना अभ्यासक्रमाची दोन पाने वाचावयास सांगतो. बहुतेक जण ती न वाचताच आलेले असतात. घरी मराठी बोलतो, म्हणून मराठी सोपे जाईल, एवढेच त्यांचे गणित असते.

पहिल्या पेपरात भाषा आणि लोकसाहित्य हा एक भाग, वाङ्मयेतिहास आणि समीक्षा हा दुसरा. भाषेच्या भागात चिन्हव्यवस्था म्हणून भाषा, प्रमाणभाषा आणि बोली, तेराव्या आणि सतराव्या शतकांतील मराठीचे विशेष असे मुद्दे आहेत. म्हणजे 'लीळाचरित्रा'ची मराठी आणि शिवकालीन मराठी यांच्यांत विभक्तिप्रत्यय, क्रियारूपे, फारसी शब्दांचा भरणा या अंगांनी काय पालटले, ते सोदाहरण सांगता आले पाहिजे. बोलींमध्ये नावे आहेत तीनच : अहिराणी, वऱ्हाडी आणि डांगी. मालवणीचे नाव नाही, आणि आपल्या इंदूर-ग्वाल्हेर-भोपाळकडच्या, हिंदीच्या शेजारात वाढलेल्या बोलण्याचे तर नाहीच नाही. ते असावयास हवे होते असे मला वाटते, पण अभ्यासक्रमाशी भांडून गुण मिळत नाहीत.

व्याकरणात शब्दांच्या जाती, विभक्तिव्यवस्था आणि प्रयोगविचार हे तीन घटक आहेत. हिंदी शाळांतून शिकलेला आपला विद्यार्थी नेमका येथे अडखळतो. "रामाने आंबा खाल्ला" हे वाक्य घ्या. मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग होय, कारण क्रियापद कर्माच्या लिंगवचनांप्रमाणे चालते : आंबा खाल्ला, पोळी खाल्ली. "राम ने आम खाया" हे हुबेहूब तसेच वाक्य शालेय हिंदी व्याकरणात कर्तृवाच्य म्हणून शिकविले जाते, कारण तेथे कसोटी वेगळी आहे. मुलगा दोन्ही व्याकरणे एक समजतो आणि मराठीच्या उत्तरपत्रिकेत 'कर्तरी' लिहून मोकळा होतो. यावर उपाय एकच. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'तील प्रयोगाचे प्रकरण शांतपणे वाचावे. कामताप्रसाद गुरू यांनी आपले सुप्रसिद्ध हिंदी व्याकरण रचताना दामल्यांच्या याच ग्रंथाचे ऋण मान्य केले आहे, ही गोष्ट दोन भाषांच्या मध्ये वाढलेल्या आपल्या मुलांना ठाऊक असावी.

वाङ्मयेतिहासाची ओळ तर शब्द न् शब्द वाचण्याजोगी आहे. आरंभापासून १८१८ पर्यंत एक भाग : महानुभाव, वारकरी, पंडित कवी, शाहीर, बखरी. नंतरचा भाग १८५० ते १९९०. मधली बत्तीस वर्षे कोठे गेली? मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ चे, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. आधुनिक मराठी गद्याचा पाया ज्या काळात घातला गेला तो काळच या आराखड्यात बसत नाही. याचा अर्थ तो वाचू नये असा नाही. १८५७ ची 'यमुनापर्यटन' कोणत्या जमिनीतून उगवली, हे त्याविना सांगता येणार नाही. परंतु त्यावर स्वतंत्र प्रश्न येणार नाही, म्हणून त्याला किती दिवस द्यावयाचे ते ठरविता येते. दुसऱ्या टोकाला १९९० ची रेघ आहे. तिच्यामुळे नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) आत राहते आणि 'हिंदू' (२०१०) बाहेर. गंमत अशी की दुसऱ्या पेपरात नेमलेला नामदेव ढसाळांचा 'या सत्तेत जीव रमत नाही' हा संग्रह १९९५ चा आहे. इतिहासाची रेघ ओलांडून कविता आत आली आहे. जो विद्यार्थी हे ताडतो तो ढसाळांवर लिहिताना दलित साहित्याची १९९० पर्यंतची हकिगत सांगून थांबत नाही.

दुसरा पेपर संहितांचा. गद्यात 'स्मृतिस्थळ', जोतीराव फुले यांचे 'शेतकऱ्याचा असूड' व 'सार्वजनिक सत्यधर्म', केतकरांची 'ब्राह्मणकन्या', अत्रे यांचे 'साष्टांग नमस्कार', शरच्चंद्र मुक्तिबोधांची 'जन हे वोळतु जेथें', उद्धव शेळके यांचे 'शिळान', बाबूराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती', गौरी देशपांडे यांचे 'एकेक पान गळावया' आणि प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी'. पद्यात नामदेवांची अभंगवाणी, अदवंतांनी संपादिलेला लावण्यांचा 'पैंजण', रघुनाथ पंडिताचे 'दमयंती-स्वयंवर', बालकवी, कुसुमाग्रजांची 'विशाखा', विंदांचा 'मृद्‌गंध', सुर्व्यांचा 'जाहीरनामा', ग्रेसांच्या 'संध्याकाळच्या कविता' आणि ढसाळ. या संहिता उमेदवाराने प्रत्यक्ष वाचलेल्या असाव्यात आणि त्यांतून त्याची समीक्षादृष्टी दिसावी, असे आयोग अपेक्षितो. बाजारातील सारांशांवर विसंबणारा विद्यार्थी 'प्रत्यक्ष' या एका शब्दापाशीच घसरतो, कारण संदर्भासहित विवेचनाच्या प्रश्नात मूळ उतारा समोर ठेवलेला असतो आणि तो ओळखण्याची युक्ती कोणत्याही सारांशात नसते.

या यादीत मध्य भारताच्या मुलाला स्वतःचे काही सापडत नाही, अशी तक्रार मी ऐकली आहे. ती पटत नाही. शरच्चंद्र मुक्तिबोधांची ही कादंबरी त्यांच्या कादंबरीत्रयीतील अखेरची. पहिलीचे नावच 'क्षिप्रा', म्हणजे आपल्या उज्जैनची नदी. शरच्चंद्र मराठीत लिहीत आणि त्यांचे थोरले बंधू गजानन माधव हिंदीत. एका घरात दोन भाषांचे दोन मोठे लेखक झाले. १९६४ मध्ये गजानन माधवांना पक्षाघाताच्या आजारात प्रथम भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात आणले होते. शाळेत हिंदीच्या तासाला एका मुक्तिबोधांची कविता शिकलेल्या मुलाने दुसऱ्या मुक्तिबोधांची कादंबरी उघडावी, तो परक्या घरी जात नाही.

तर मराठी साहित्य कोणी घ्यावे? ज्याला या अठरा-एकोणीस पुस्तकांत वर्षभर राहावेसे वाटेल त्याने घ्यावे. या विषयाची उत्तरे मराठीतच लिहावी लागतात, आणि ती घरगुती मराठीत लिहून भागत नाही. घरात बोलली जाते ती मराठी आणि समीक्षेची मराठी यांत अंतर आहे. ते महाराष्ट्रातील मुलालाही तोडावे लागते, इथल्या मुलाला थोडे अधिक. सामान्य अध्ययन हिंदीतून आणि वैकल्पिक विषय मराठीतून, असे करता येते. आपल्याकडील पुष्कळ मुलांना ते सोयीचे आहे, कारण सामान्य अध्ययनाच्या प्रश्नपत्रिका छापल्या जातात त्या हिंदी आणि इंग्रजी या दोनच भाषांत. मराठी माध्यम घेणारा उमेदवार प्रश्न एका भाषेत वाचतो आणि उत्तर दुसऱ्या भाषेत लिहितो. येथे 'स्मृतिस्थळा'तील तो प्रसंग आठवतो. केशोबास संस्कृतात ग्रंथ रचू इच्छीत होते, आणि नागदेवाचार्यांनी त्यांना अडविले, कारण मग आपल्याकडच्या साध्या म्हाताऱ्या बायाबापड्या त्याला मुकतील. कोणासाठी कोणती भाषा, हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी ज्या ग्रंथात विचारला गेला तोच ग्रंथ आज परीक्षेला नेमलेला आहे आणि परीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र मराठीत नाही.

अखेरीस, ज्या पेपराकडे कोणीच पाहत नाही त्याविषयी. भारतीय भाषेचा अनिवार्य पेपर ३०० गुणांचा, दहावीच्या पातळीचा. निबंधाला १०० गुण, आकलनाला ६०, सारांशलेखनाला ६०, इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतराला प्रत्येकी २०, शब्दप्रयोग आणि व्याकरणाला ४०. हे गुण निवडीत धरले जात नाहीत. परंतु २५ टक्के, म्हणजे ७५ गुण, मिळाले नाहीत तर त्या उमेदवाराचे पुढचे पेपर गुणांसाठी धरलेच जात नाहीत. येथे भोपाळच्या मुलाने हिंदी घ्यावी की मराठी? ज्याने शाळेत मराठी एक विषय म्हणून लिहिलेली नाही त्याने केवळ मातृभाषेच्या अभिमानापोटी मराठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीचा प्राध्यापक असे सांगतो याचे काहींना वाईट वाटेल. ज्याला घ्यावयाची आहे त्याने मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली शुद्धलेखनाची. महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या आणि १९७२ मध्ये वाढविलेल्या नियमांनुसार मराठीत 'नीती', 'स्थिती', 'भूमी' यांचा शेवट दीर्घ. हिंदीत तोच ऱ्हस्व. पण समासात पूर्वपदी आले की मराठीतही 'नीतिशास्त्र', 'भूमिपुत्र'. हात हिंदीला सरावलेला असतो, म्हणून हे डोळ्यांनी वाचून येत नाही, लिहूनच येते.

दुसरी गोष्ट दोन भाषांतील सारख्या दिसणाऱ्या शब्दांची. 'शिक्षा' हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. 'चेष्टा' तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. 'संसार' तिकडे जग, इकडे घरप्रपंच. 'अवकाश' तिकडे सुट्टी, इकडे पोकळी वा सवड. 'आपत्ति' म्हणजे हिंदीत हरकतही होते, मराठीत 'आपत्ती' म्हणजे संकटच. आणि 'घटना' या शब्दाने मराठीत प्रसंगाचाही बोध होतो आणि राज्यघटनेचाही. संविधान म्हणावयाची सवय असलेला मुलगा 'घटनेतील तरतूद' हे शब्द वाचून कोणत्या प्रसंगाविषयी चालले आहे, ते शोधीत बसतो. अशा शब्दांची एक वही करावी, डावीकडे हिंदी अर्थ, उजवीकडे मराठी, आणि प्रत्येकाखाली स्वतःचे एक वाक्य. भाषांतराच्या चाळीस गुणांत आणि सारांशाच्या साठ गुणांत ती उपयोगी पडेल. शंभर-सव्वाशे शब्दांपलीकडे ती वही जात नाही, आणि आजी-आजोबा घरी असतील तर तिला लागणारा वेळ निम्म्यावर येतो.